दोन ट्रान्झिस्टरचा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर: सगळी गंमत शून्याच्या खाली

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होणारा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर, आला की मुलं सर्किट झटकन काढून दाखवतात. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, मधोमध फुली मारल्यासारखे दोन कॅपॅसिटर. सूत्रही पाठ असतं. मग परीक्षक शांतपणे विचारतात, "कॅपॅसिटर चार्ज झाला की ट्रान्झिस्टर चालू होतो म्हणता. पण बेसला तर ०.७ व्होल्टच लागतात. मग एवढा वेळ कशाला लागतो?"

प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. ५ व्होल्टच्या सप्लायवर ४७ किलोओहममधून १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत चढायला सुमारे ०.०७ सेकंद पुरतात. प्रत्यक्षात तो ट्रान्झिस्टर जवळजवळ ०.३५ सेकंद बंद राहतो, म्हणजे पाचपट. हा जास्तीचा वेळ येतो कुठून? उत्तर एका ओळीचं आहे: बेसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला चालू-बंद करणाऱ्या पायाचा, प्रवास शून्यापासून सुरू होत नाही, तो शून्याच्या बराच खालून सुरू होतो. एवढं डोक्यात बसलं की सूत्र, सूत्रातली चूक, ९ व्होल्टची बॅटरी लावल्यावर होणारा घोटाळा, सगळं त्यातून आपोआप निघतं. म्हणून हा लेख त्या 'खाली जाण्या'भोवतीच फिरणार आहे. ब्रेडबोर्ड घेऊन बसा आणि वाचता वाचता जोडत जा.

सामान आणि जोडणी

बीसी ५४७ बी हे एनपीएन ट्रान्झिस्टर दोन घ्या. शेवटचं 'बी' अक्षर गेनचा, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहू शकतो त्याचा, गट सांगतं: ए गटाचा गेन ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. आपल्याला कुठलाही चालेल, फक्त दोन्ही एकाच गटाचे असू द्या. रेझिस्टर ४७ के दोन (पिवळा, जांभळा, नारिंगी) आणि १ के दोन (तपकिरी, काळा, लाल). इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन. त्याच व्होल्टेजचे १०० मायक्रोफॅरडचेही दोन आणून ठेवा, पुढं लागतील. लाल एलईडी दोन. सांगली-मिरजेत रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळणाऱ्या कुठल्याही दुकानात हे सगळं एका पुडीत मिळतं.

सप्लाय म्हणून मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि कापलेली यूएसबी केबल चालते. लाल तार धन आणि काळी ऋण असते असं धरून चालू नका, स्वस्त केबलींत रंग वाट्टेल ते असतात. मीटर लावून खात्री करा. पॉवर बँक मात्र वापरू नका. हे सर्किट इतका थोडा करंट घेतं की बऱ्याच पॉवर बँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या काही सेकंदांत बंद होतात. मग माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. परदेशी आकृत्यांत दिसणारा २एन ३९०४ नेमका उलटा आहे, एमिटर, बेस, कलेक्टर. त्यामुळे इंटरनेटवरची ब्रेडबोर्डची चित्रं बघून पाय खोचू नका.

आता जोडा. दोन्ही एमिटर थेट ऋण पट्टीला. प्रत्येक बेसपासून एक ४७ के धन पट्टीला. धन पट्टीपासून १ के, तिथून एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला, असं दोन्हीकडे. शेवटी कॅपॅसिटर: डाव्या कलेक्टरला एकाचा धन पाय, त्याचा ऋण पाय, म्हणजे अंगावर पट्टा असलेल्या बाजूचा, उजव्या बेसला. दुसऱ्याचा धन पाय उजव्या कलेक्टरला, ऋण पाय डाव्या बेसला.

सप्लाय द्या. एलईडी आळीपाळीने लागायला लागतील. नाहीच लागले तर लेखाच्या शेवटी जा, तिथं नेहमीचे दोष दिले आहेत.

दोनच नियम

ट्रान्झिस्टरबद्दल इथं एवढंच लागतं: बेस एमिटरपेक्षा साधारण ०.६५ ते ०.७ व्होल्टने वर गेला की तो चालू होतो आणि कलेक्टर ०.१ व्होल्टच्या आसपास खाली येऊन बसतो. बेस त्याच्या खाली असला की ट्रान्झिस्टर बंद, आणि कलेक्टर १ के मधून धन पट्टीकडे वर जातो. बेसचं व्होल्टेज चालू अवस्थेत ०.७ च्या फार वर जाऊ शकत नाही, कारण बेस आणि एमिटर मिळून एक डायोडच आहे. खाली जायला मात्र त्याला आडकाठी नाही. वर छत आहे, खाली तळ नाही, हे लक्षात ठेवा.

कॅपॅसिटरचा नियम: त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज क्षणात बदलत नाही. बदलायला त्यातून करंट वाहावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून एक टोक झटक्यात खाली ओढलं तर दुसरं टोकही तेवढंच खाली जातं.

हे शिडीवरून नीट समजतं. मळ्यातल्या विहिरीच्या तोंडावर ४.३ फूट लांबीची शिडी उभी धरली आहे. खालचं टोक जमिनीच्या पातळीपासून ०.७ फूट वर, वरचं टोक ५ फुटांवर. आता वरचं टोक झटकन खाली आणलं, जमिनीपासून जेमतेम ०.१ फुटावर. खालचं टोक कुठं गेलं? शिडी आखूड झालेली नाही, त्यामुळे ते विहिरीत गेलं, जमिनीच्या ४.२ फूट खाली. फुटांच्या जागी व्होल्ट घाला. वरचं टोक म्हणजे एका ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, खालचं टोक म्हणजे दुसऱ्याचा बेस. सर्किटमध्ये ५ व्होल्टशिवाय दुसरा सप्लाय नाही, तरी एका बिंदूवर उणे ४.२ व्होल्ट येतात ते असे.

इलेक्ट्रोलिटिकचा धन पाय कलेक्टरकडे का, तेही यातून कळतं. कलेक्टर हे कायम शिडीचं वरचं टोक आहे. पलटी होण्याच्या वेळी तेवढं कलेक्टर ०.१ आणि बेस ०.६५ अशी क्षणभर उलट स्थिती येते, पण अर्ध्या व्होल्टच्या उलट दाबाने इलेक्ट्रोलिटिकला काही होत नाही.

एक पूर्ण फेरी

उजवा ट्रान्झिस्टर चालू आहे, डावा बंद आहे, इथून सुरुवात करू. एलईडी तूर्त विसरा, कलेक्टरला नुसता १ के आहे असं धरा.

डावा बंद म्हणजे डावा कलेक्टर ५ व्होल्टवर. उजवा चालू म्हणजे उजवा बेस ०.७ वर. या दोघांमधल्या कॅपॅसिटरवर ४.३ व्होल्ट भरलेले आहेत. ही आपली उभी शिडी. डावा बेस मात्र शून्याखाली आहे आणि त्याच्या ४७ के मधून येणाऱ्या करंटने हळूहळू वर चढतो आहे.

चढता चढता डावा बेस ०.६५ ला पोचतो. डावा ट्रान्झिस्टर किंचित चालू होतो, त्याचा कलेक्टर किंचित खाली येतो. त्याच्याबरोबर कॅपॅसिटर उजव्या बेसला खाली दाबतो. उजवा थोडा बंद होतो, त्याचा कलेक्टर वर उचलला जातो. तो दुसऱ्या कॅपॅसिटरमधून डाव्या बेसला आणखी वर ढकलतो. डावा आणखी चालू, उजवा आणखी बंद. एकमेकांना रेटत हे इतक्या वेगात होतं की काही मायक्रोसेकंदांत सगळं उलटून जातं. बेसची चढण संथ असूनही आउटपुट झटक्यात पडतो तो या रेट्यामुळे. स्क्वेअर वेव्हची उभी कड इथं जन्मते.

पलटी झाली. डावा कलेक्टर ०.१ वर, उजवा बेस उणे ४.२ वर. आता दोन कामं एकाच वेळी चालू होतात, आणि त्यांचा वेग फार वेगळा आहे. उजवा कलेक्टर १ के मधून ५ व्होल्टकडे चढतो; त्याच करंटने त्याचा कॅपॅसिटर पुन्हा ४.३ व्होल्टपर्यंत भरतो. १ के गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे १० मिलिसेकंदांचा काळ, त्यामुळे ५० मिलिसेकंदांत हे काम उरकतं. म्हणजे पुढच्या पलटीसाठीची शिडी लगेच तयार. दुसरं काम उजव्या बेसचं: उणे ४.२ वरून ०.६५ पर्यंत, ४७ के मधून. हे ४७ पट संथ. वेळ मोजतो तो हा. दरम्यान डावा ट्रान्झिस्टर चालू राहतो तो कॅपॅसिटरच्या जोरावर नाही, त्याच्या स्वतःच्या ४७ के मधून येणाऱ्या बेस करंटवर. मुलांची गल्लत बहुतेक वेळा इथं होते: कॅपॅसिटर ट्रान्झिस्टरला चालू ठेवत नाही, तो दुसऱ्याला ठरावीक वेळ बंद ठेवतो.

डोळ्यांनी बघायचं असेल तर

सीआरओ, म्हणजे वेव्ह पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, नसला तरी चालेल. एलईडी काढून १ के थेट कलेक्टरला लावा आणि १० मायक्रोफॅरडच्या जागी १०० मायक्रोफॅरड घाला. डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन ऋण पट्टीला, लाल पिन एका बेसला.

आकडा थोडा वेळ ०.७ वर स्थिर दिसेल. मग अचानक उणे चार-साडेचारच्या आसपास कोसळेल आणि चढायला लागेल. हिशोबाने एका सेकंदाला उणे २.४, दोन सेकंदांना उणे १.०, तीन सेकंदांना शून्याच्या जरा वर आणि साडेतीनच्या सुमाराला ०.६५, तिथं पुन्हा ०.७ ला चिकटतो. तुमचे आकडे पुढंमागं होतील, कारण इलेक्ट्रोलिटिकवर छापलेली किंमत साधारण २० टक्क्यांनी इकडेतिकडे असतेच. पण ते उणे चिन्ह एकदा स्वतःच्या मीटरवर बघा. फळ्यावरच्या दहा आकृत्यांनी जे होत नाही ते या एका चिन्हाने होतं.

काट्याचा जुना मीटर इथं वापरू नका. दहा व्होल्टच्या रेंजवर अशा अनेक मीटरांचा स्वतःचा रोध २० के च्या आसपास असतो. ४७ के च्या टोकाला तो लावला की बेसचा करंट मीटरच पिऊन टाकतो आणि चालू सर्किट बिघडतं. डिजिटल मीटरचा रोध बहुधा १० मेगओहम असतो, त्याचा त्रास नाही.

आधी कोणता चालू होतो?

दोन्ही बाजू सारख्या असतील तर सुरुवात कोण करतं, हा तोंडी परीक्षेतला दुसरा लाडका प्रश्न. कागदावर त्या सारख्या असतात. एकाच पुडीतल्या दोन ट्रान्झिस्टरांचा गेन सारखा नसतो, दोन कॅपॅसिटर सारखे नसतात, आणि सगळीकडे थोडा नॉईज असतोच. सप्लाय दिल्यावर दोघं चालू व्हायला धावतात. जो केसभर पुढं असतो तो दुसऱ्याला वरच्या रेट्याने खाली दाबतो.

पण इथं एक खाच आहे. सप्लाय हळूहळू वाढला तर दोघंही पूर्ण चालू होऊन बसू शकतात. दोन्ही सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण चालू अवस्थेत, गेले की बेसवरच्या छोट्या बदलाने कलेक्टर हलत नाही, म्हणजे एकमेकांना रेटण्याची ताकदच संपते. दोन्ही एलईडी स्थिर जळत राहतात. एका बेसला क्षणभर तारेने ऋण पट्टीला टेकवून सोडा, सर्किट धावायला लागेल. खात्रीने सुरू व्हायलाच हवं अशा कामाला हे सर्किट वापरायचं का, याचा विचार यावरून करावा.

सूत्र, आणि ते का जुळत नाही

पुस्तकातलं सूत्र: एका फेरीचा काळ = १.३८६ × बेसचा रेझिस्टर × कॅपॅसिटर. अर्ध्या फेरीला ०.६९३. हा ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगरिदम. तो येतो असा: सप्लाय व्ही असेल तर बेस उणे व्ही वरून निघतो, त्याचं लक्ष्य अधिक व्ही आहे, आणि शून्यावर, म्हणजे बरोबर अर्ध्या वाटेवर, पलटी होते. अर्धं अंतर कापायला आरसी (रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर) गुणिले ०.६९३ एवढा वेळ लागतो. सप्लाय कितीही असला तरी अर्धं ते अर्धंच, म्हणून सूत्रात व्होल्टेज नाही.

४७ के आणि १० मायक्रोफॅरड घातले तर ०.६५ सेकंद, म्हणजे १० सेकंदांत १५ फेऱ्या. आता पहिल्या जोडणीतले एलईडी मोजा. १९ च्या आसपास भरतील. मग मुलं कॅपॅसिटरला दोष देतात.

दोष एलईडीचा आहे. लाल एलईडी साधारण १.६ व्होल्टच्या खाली जवळजवळ काहीच करंट सोडत नाही. म्हणून बंद ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ५ पर्यंत चढतच नाही, ३.४ च्या आसपास थांबतो. शिडी ४.३ च्या ऐवजी २.७ चीच राहिली, तर बेस उणे ४.२ ऐवजी उणे २.६ पर्यंतच जाणार. कमी खोल गेला, लवकर वर आला, फेरी आखूड झाली. हिशोब करून बघा: (५ + २.६) भागिले (५ − ०.६५) म्हणजे १.७५, त्याचा लॉगरिदम ०.५६. दोन्ही बाजू मिळून ०.५२ सेकंद. दहा सेकंदांत १९.

एलईडी काढले तर? (५ + ४.२) भागिले ४.३५ म्हणजे २.११, लॉगरिदम ०.७५, फेरी ०.७० सेकंदांची, दहा सेकंदांत १४. म्हणजे सूत्राचे १५ यांच्या मध्ये कुठंतरी आहेत आणि कोणत्याच जोडणीला नेमके लागू नाहीत. सूत्राने ०.६५ व्होल्टचा उंबरठा शून्य धरला, ५ व्होल्टवर ते चालत नाही. एलईडीही हवा आणि काळही जवळपास हवा असेल तर एलईडीला समांतर ४.७ के लावा. एलईडीने रस्ता बंद केल्यावर उरलेलं १.६ व्होल्टचं अंतर कलेक्टर त्यातून चढून जातो.

काळ बदलायचा तर ४७ के किंवा कॅपॅसिटर बदला. एका बाजूचाच बदलला तर एक एलईडी जास्त वेळ आणि दुसरा कमी वेळ लागेल. पण ४७ के वाटेल तेवढा वाढवता येत नाही. चालू ट्रान्झिस्टरला कलेक्टरचा करंट सुमारे ४.९ मिलिअँपिअर ओढायचा आहे आणि बेसला मिळतात ०.०९ मिलिअँपिअर. म्हणजे निदान ५३ चा गेन हवा. ५४७ बी कडे २०० तरी आहे, भरपूर झाला. ४७ के च्या जागी ४७० के लावला तर ५०० च्या वर गेन लागेल, ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होईल आणि फेरी अडेल. बेसचा रेझिस्टर कलेक्टरच्या रेझिस्टरच्या गेनपटीपेक्षा बराच कमी असावा, हा नियम.

ऊसाच्या ट्रॉलीचा ब्लिंकर आणि १२ व्होल्टचा सापळा

गळीत हंगाम सुरू झाला की आष्टा-सांगली रस्त्यावर रात्री ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागच्या ट्रॉलीला दिवा नसला की मोटारसायकलवाल्याला ती दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून हे सर्किट शिकलेला पोरगा पहिला ब्लिंकर ट्रॉलीसाठी करतो आणि ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर जोडतो. लुकलुकतो. पण अपेक्षेपेक्षा जोरात लुकलुकतो, आणि पुढं कधीतरी बंद पडतो.

शिडी आठवा. १२ व्होल्टवर बेस उणे ११ व्होल्टपर्यंत जायला बघतो. बीसी ५४७ च्या बेस-एमिटरला उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच झेपतं. त्याच्यापुढं, सात-आठ व्होल्टच्या सुमाराला, तो जंक्शन झेनरसारखा, म्हणजे ठरावीक उलट व्होल्टेजला करंट सोडणाऱ्या डायोडसारखा, फुटून वाहू लागतो. मघाशी म्हटलं होतं की खाली तळ नाही. तो असा असतो, फक्त खोल. बेस उणे साडेसातवर थांबला तर लॉगरिदम ०.७१ ऐवजी ०.५४ येतो, म्हणून लुकलुक जलद. दर फेरीला असा फटका बसला की ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, त्याचा गेन हळूहळू उतरत जातो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर बेस उणे ८.२ पर्यंत जातो, म्हणजे तिथंही हेच. तरीसुद्धा ९ व्होल्टची बॅटरी आणि नुसते दोन ट्रान्झिस्टर अशा आकृत्या सर्रास छापल्या जातात.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक बेसच्या वाटेत एक १एन ४१४८ डायोड घाला: कॅपॅसिटर आणि ४७ के जिथं भेटतात तिथं डायोडचा ॲनोड, काळ्या पट्ट्याचं टोक बेसला. उणे व्होल्टेज आता डायोडवर पडतं, आणि तो ७५ व्होल्टपर्यंत झेलतो. चालू व्हायचा उंबरठा १.३ व्होल्ट होतो, पण १२ व्होल्टवर काळ फारसा हलत नाही.

ट्रॉलीसाठीची जोडणी अशी करा. कलेक्टरला एलईडीशिवाय २.२ के, बेसला ४७ के, कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचेच. फेरी ०.७ सेकंदांची येते, मिनिटाला सुमारे ८५. वाहनांच्या इंडिकेटरसाठी ६० ते १२० ही नेहमीची मर्यादा असते, तिच्यात बसतं. लाल एलईडीची पट्टी बीसी ५४७ वर थेट लावू नका, तो १०० मिलिअँपिअरचा गडी आहे. एका कलेक्टरपासून १०० ओहममधून आयआरएफझेड ४४एन या मॉसफेटच्या गेटला द्या, सोर्स ऋणला, आणि पट्टी ड्रेन व बॅटरीच्या मध्ये. ऑसिलेटरच्या सप्लायला १एन ४००७ डायोड आणि १०० ओहम मालिकेत, त्यापुढं १५ व्होल्टचा एक वॅट झेनर आणि १०० मायक्रोफॅरड समांतर. ट्रॅक्टरच्या वायरिंगवर सेल्फ मारताना आणि भार सुटताना व्होल्टेज उसळतं, त्याच्यासाठी ही तटबंदी. फ्यूज बॅटरीजवळ, ट्रॉलीच्या टोकाला नाही. आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आधी लावा. ब्लिंकरची वायर ऊसात अडकून तुटते, पट्टीला वायर नसते.

चौकोन किती चौकोनी?

कलेक्टरवरची वेव्ह सीआरओवर पाहिली तर पडती कड उभी असते आणि चढती कड खांद्याला गोल. कारण वर आलंच आहे: चढताना कलेक्टरला १ के मधून कॅपॅसिटर भरावा लागतो. कॅपॅसिटर लहान केला की गोलाई जाईल असं वाटतं, पण फेरीही त्याच प्रमाणात आखूड होते. अर्ध्या फेरीचा सुमारे ६ टक्के भाग चढण्यात (उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत) जातो आणि तो ठरतो १ के आणि ४७ के यांच्या गुणोत्तरावर. गुणोत्तर वाढवायला गेलं की गेनचा नियम आडवा येतो. म्हणून सरळ तिसरा बीसी ५४७ घ्या: कलेक्टरपासून १० के त्याच्या बेसला, त्याच्या कलेक्टरला १ के, आणि आउटपुट तिथून. त्याला पलटायला पाऊण व्होल्ट पुरतात, गोल खांद्याशी त्याचं देणंघेणं नाही.

आता आवाज. कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे काढून ४७ नॅनोफॅरडचे पॉलिस्टर घाला, अंगावर ४७३ लिहिलेले. पॉलिस्टरला धन-ऋण नसतं. फेरी ३.३ मिलिसेकंदांची होते, म्हणजे ३०० हर्ट्झच्या आसपास. तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १ के च्या जागी ८ ओहमचा स्पीकर आणि १०० ओहम मालिकेत लावा. १०० ओहम वगळला तर बीसी ५४७ जळू शकतो.

मिरज जवळ आहे आणि घरात तंबोरा असेल तर एक खेळ करून बघा. काळी एकचा षड्ज, पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरली तर, सुमारे २७७ हर्ट्झचा. दोन्ही ४७ के ची वरची टोकं धन पट्टीवरून काढून एकत्र करा आणि ५ के प्रीसेटच्या, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरच्या, मधल्या पायाला जोडा. प्रीसेटची बाहेरची टोकं धन आणि ऋणला. प्रीसेट फिरवला की बेसचं लक्ष्य ५ व्होल्टवरून खाली येतं, चढण मंदावते, स्वर उतरतो, आणि दोन्ही अर्धी सारखीच राहतात. साडेचार व्होल्टच्या आसपास काळी एक लागते. फार खाली नेलंत तर बेस उंबरठ्यालाच पोचत नाही आणि आवाज थांबतो. लागलेला स्वर थोड्या वेळाने सरकलेला दिसेल: बेसचा उंबरठा तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. रियाजाला हे यंत्र लावू नये.

मूळ स्वर तोच असून आवाज पिपाणीसारखा कर्कश का, तर स्क्वेअर वेव्हमध्ये मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम पटींचे स्वर मिसळलेले असतात. दोन्ही अर्धी असमान केली तर सम पटीही शिरतात. फ्रान्समध्ये आंरी अब्राहम आणि यूजेन ब्लॉक यांनी १९१९ मध्ये हे सर्किट व्हॉल्व्हवर प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांना हवे होते ते हेच वरचे स्वर. एका माहीत असलेल्या कंपनापासून अनेक पटींची कंपनं मिळवून ते रेडिओची उपकरणं जुळवत. मल्टिव्हायब्रेटर हे नाव त्यातूनच आलं.

चालत नसेल तर

दोन्ही एलईडी स्थिर लागले असतील तर आधी बेस ऋणला टेकवून सोडा. तरी धावत नसेल तर कॅपॅसिटर बघा, ब्रेडबोर्डवर त्यांचे पाय अनेकदा शेजारच्या ओळीत गेलेले असतात. ते समोरच्या बेसऐवजी स्वतःच्याच बेसला गेले नाहीत ना, हेही तपासा. ही चूक दिसत नाही, कारण जोडणी बघायला सुबक वाटते.

एक लागलेला आणि दुसरा कायम विझलेला असेल तर विझलेल्या बाजूच्या बेसवर मीटर धरा. शून्य दाखवत असेल तर त्याचा ४७ के सुटला आहे. ०.७ दाखवत असूनही कलेक्टर खाली येत नसेल तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे आहेत. कलेक्टर-एमिटर अदलाबदल झालेला ट्रान्झिस्टर मेलेला नसतो, पण त्याचा गेन अगदी नगण्य राहतो. ०.७ च्या बराच वर दाखवत असेल तर बेस-एमिटर जळून उघडा पडला आहे.

दोन्ही एलईडी अंधुक, पण सतत लागल्यासारखे वाटत असतील तर घाबरू नका, बहुधा सर्किट चालू आहे आणि तुम्ही १० मायक्रोफॅरडच्या जागी ०.१ चा कॅपॅसिटर लावला आहे. तो दीडशे हर्ट्झच्या वर पळतो आणि डोळ्याला दिसत नाही. खोलीत अंधार करून ब्रेडबोर्ड हातात धरून झटकन आडवा हलवा. सलग रेघ न दिसता तुटक ठिपके दिसले तर ऑसिलेटर व्यवस्थित आहे, फक्त कॅपॅसिटर बदला.